पोर्टला मी नावं ठेवते

केमो सुरू असताना हॉस्पिटलात एक समुपदेशक बाई भेटायच्या. आवाज मऊ, चेहऱ्यावर कायमचं हसू. मला छातीत पोर्ट, म्हणजे औषध द्यायची डबी, बसवायचं ठरलं तेव्हा त्या म्हणाल्या, त्याच्याशी मैत्री करा, त्याला एखादं छान नाव ठेवा. एका पेशंटने म्हणे तिच्या पोर्टचं नाव 'चिमणी' ठेवलं होतं. मी म्हटलं, नाव नाही ठेवणार, नावं ठेवीन. त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

मी शोभा. जळगावात बायकांना गाडी चालवायला शिकवते, सध्या शिकवणी बंद आहे. शिकवते म्हणजे बहुतेक वेळ शेजारच्या सीटवर बसून ओरडते. माझं माहेर पहूरचं, सासर धुळ्याजवळच्या एका खेड्यातलं, आणि लाडीगोडी मला दोन्हीकडे जमली नाही. आजारपणातून उठलेला माणूस मवाळ होतो असं म्हणतात. माझं तसं काही झालेलं नाही. हे मी लिहितेय ते ज्यांच्या छातीत पोर्ट बसलाय किंवा बसणार आहे त्यांच्यासाठी. हिंमत द्यायला बाकीचे पुष्कळ आहेत. मला जे कोणी सांगितलं नाही, तेवढं सांगते.

बाहेर थांबा

आधी नुसता थकवा होता. जिना चढले की धाप लागायची. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या आणि या वयात बायकांचं असं होतंच म्हणाले. गोळ्या खाण्यात बरेच महिने गेले. मग शौचातून रक्त पडायला लागलं, तेव्हा कुठे दुर्बिणीची तपासणी झाली.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरांनी मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, आत बोलावलं आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. मी बाकावर बसले. समोरच्या बाईचं मूल चिप्स खात होतं. त्या चिप्सच्या कुरकुरण्याचा मला इतका राग आला की मी उठलेच आणि दार ढकलून आत गेले. डॉक्टर मिलिंदकडेच बघून म्हणाले, यांना जरा बाहेर बसवा.

मी म्हटलं, "आतडं माझं आहे. मला सांगा."

त्यांनी सांगितलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. आधी ऑपरेशन, नंतर केमो. मिलिंद वीज कंपनीत आहेत, भर पावसात खांबावर चढलेला माणूस. पण त्यांचे गुडघे टेबलाखाली थरथरत होते आणि ते मला दिसत होतं. आजार मला आणि थरथरतायत हे, याचाच मला राग आला. घरी येताना गाडी मी चालवली.

डबी

ऑपरेशनबद्दल लिहीत नाही. ते सगळ्यांचं सारखंच असतं. पोट फाडतात, शिवतात, आणि मग हसू नका, खोकू नका म्हणतात.

पहिली केमो हाताच्या शिरेतून दिली. औषध आत जाताना कोपरापर्यंत आग होत होती. सांगितलं तर थोडं सहन करा म्हणाले. दोन दिवसांत हात सुजला आणि ती शीर काथ्याच्या दोरीसारखी कडक झाली. पुढच्या वेळी दुसरी शीर शोधताना तीनदा टोचलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता पोर्ट बसवू.

पोर्ट म्हणजे एक छोटी डबी, नाण्यापेक्षा थोडी मोठी. ती गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत बसवतात. तिच्यापासून एक बारीक नळी आतल्या आत हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाते. बाहेरून फक्त उंचवटा दिसतो. औषध द्यायचं असलं की त्या डबीच्या रबरी पडद्यात खास वाकडी सुई टोचतात. हाताच्या शिरा वाचतात. हे सगळं खरं आहे आणि ते मी नाकारत नाही.

पण बसवताना तुम्ही जागे असता, हे मला टेबलावर झोपवल्यावर कळलं. जागा बधिर केली आणि तोंडावर हिरवं कापड टाकलं. त्या कापडाखाली मी पडलेले, आणि वर दोन डॉक्टर कोणाच्या तरी लग्नातल्या जेवणाबद्दल बोलत होते. भरीत फार तिखट होतं म्हणे. दुखत नव्हतं. पण माझ्या छातीत कोणीतरी खिसा शिवतंय, ओढतंय, दाबतंय, ते सगळं कळत होतं. दुखत नाही ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "दुखत नाही. पण मी इथेच आहे, एवढं लक्षात ठेवा." त्यानंतर भरीत बंद झालं.

घरी आल्यावर आरशात पाहिलं. उजव्या बाजूला कातडीखाली कोणीतरी बटण विसरलंय असं दिसत होतं. मी ब्लाउज घातला. गळ्याचा काठ नेमका त्यावर आला. पर्सचा पट्टा त्यावर आला. उजव्या कुशीवर झोपले तर तो आत रुतायचा. शिकवताना मी डावीकडे बसते, त्यामुळे सीटबेल्ट डाव्या खांद्यावरून जातो, ते ठीक होतं. स्वतः गाडी चालवायची म्हटलं की पट्टा थेट डबीवर यायचा. मग मध्ये घडी घातलेला रुमाल ठेवायचा. कुठलाही ब्लाउज घालण्याआधी विचार करायचा. कोणी मिठी मारायला आलं की हात पुढे करून थोपवायचं. माझी एक विद्यार्थिनी लायसन्स मिळालं म्हणून धावत येऊन गळ्यात पडली, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, मॅडमना आनंद झाला.

सुईचा दिवस

केमोच्या दिवशी ज्योत्स्ना सिस्टर सुई लावायच्या. त्या हसत नसत, गप्पा मारत नसत. मास्क लावायच्या, मलाही मास्क द्यायच्या, मान दुसरीकडे वळवायला सांगायच्या. हात धुवायच्या, निर्जंतुक हातमोजे घालायच्या, जागा पुसायच्या आणि ती वाळेपर्यंत थांबायच्या. घाई कितीही असो, वाळेपर्यंत थांबायच्याच. मग म्हणायच्या, श्वास घ्या, धरा. सुई आत गेली की डबीच्या तळाला टेकल्याचं मला कळायचं. रक्त परत येतंय का ते बघून त्या सलाईन ढकलायच्या, आणि क्षणात तोंडात लोखंडासारखी चव यायची. त्या सगळ्या इमारतीत मला आवडणारं माणूस तेवढं एकच. गोड बोलून टोचणाऱ्यांपेक्षा न बोलता हात धुणारी बाई बरी.

माझं औषध तिथेच संपायचं नाही. शेवटचा भाग एका छोट्या बाटलीतून दोन दिवस थेंबथेंब जायचा. ती बाटली कापडी पिशवीत घालून कमरेला लटकवायची आणि घरी जायचं. छातीला सुई, सुईला नळी, नळीला बाटली. संडासला जाताना बाटली, झोपताना बाटली. आंघोळ नाही, अंग पुसायचं. त्यात या औषधाने गार काही चालत नाही. जळगावचा उन्हाळा, बाहेर डांबर वितळतंय, आणि माठातलं पाणी घशाला लागलं तर काचेचे तुकडे गिळल्यासारखं वाटायचं. मी उन्हाळाभर कोमट पाणी प्यायले आणि माठाकडे बघून शिव्या दिल्या.

दोन दिवसांनी हॉस्पिटलात जायचं. सिस्टर पोर्टमध्ये सलाईन आणि रक्त गोठू नये म्हणून लागणारं औषध भरायच्या, मगच सुई काढायच्या. हे भरणं फार महत्त्वाचं, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मिलिंदही तिथेच उभे होते.

अक्का

माझं बघायला कोणीतरी हवं म्हणून मिलिंदची मोठी बहीण आली. तिला सगळे अक्का म्हणतात. धुळ्याकडच्या खेड्यात राहते, शेतात राबलेली बाई, बोलणं अहिराणी. सकाळी उठून बुद्धवंदना म्हणायची, भाकरी टाकायची, आणि मग माझ्या खोलीत येऊन बसायची. उठायचीच नाही.

तिला पोर्टचं भारी अप्रूप. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती माझ्यासमोर सांगायची की हिच्या छातीत मशीन बसवलंय. मग माझ्याकडे वळून, "दाखाड ना वं, काय बसाडेल शे ते." काय बसवलंय ते दाखव म्हणायची. शेजारची बाई पुढे वाकून बघायची. एकीने तर बोट लावलं.

मी त्या बाईचं मनगट धरलं आणि तिला दाराबाहेर काढलं. अक्का दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ते दोन दिवस फार चांगले गेले.

मग ती पुन्हा सुरू झाली. मी कशी रागीट आहे, रागाने रक्त तापतं, आणि तापलेल्या रक्तातच असले रोग होतात. हे ती मिलिंदला सांगायची, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. पण माझी उलटीची बादली तिने एकदाही कोणाला उचलू दिली नाही, हेही लिहायला हवं. मला ते आवडत नव्हतं. जिच्यावर चिडायचं तिचेच उपकार घ्यायचे, याच्याइतकं वाईट आजारपणात दुसरं काही नाही.

ओळखीचा माणूस

पावसाळा लागला आणि मिलिंदच्या कामाला वेळकाळ राहिला नाही. सुई काढायला हॉस्पिटलात अर्धा दिवस मोडायचा. त्यांच्या ओळखीचा एक कंपाउंडर होता. ते म्हणाले, सुईच तर काढायची आहे, तो घरी येऊन पाच मिनिटांत काढेल. मी नको म्हटलं. रिक्षाने जाईन म्हटलं. ते म्हणाले, मी त्याला बोलावलंय. अक्काही म्हणाली, घरच्या घरी होतंय तर कशाला धक्के खायचे.

तो आला. मोटरसायकल लावली, हात पँटला पुसले आणि माझ्यासमोर बसला. मी म्हटलं, हात धुवा. त्याने मिलिंदकडे बघितलं, जणू परवानगी त्यांची हवी. मग बेसिनवर जाऊन पाण्याने हात ओले करून आला. पोर्टमध्ये औषध भरायचंय म्हटलं तर म्हणाला, ताई, काही लागत नाही. सुई ओढली, कापूस दाबला आणि गेला. काही झालं नाही. मिलिंद म्हणाले, बघ, उगाच घाबरत होतीस. पुढच्या वेळीही तोच आला.

त्यानंतरच्या केमोला ज्योत्स्ना सिस्टरनी सुई लावली तेव्हा रक्त परत आलं नाही. त्यांनी मला हात वर करायला लावला, खोकायला लावलं. बऱ्याच वेळाने थोडं आलं. सलाईन आत गेलं. कपाळाला आठी घालून त्या डॉक्टरांना सांगायला गेल्या. परत येईपर्यंत मला थंडी भरली. साधी हुडहुडी नाही, पलंग वाजत होता. दातावर दात आपटत होते आणि मला जीभ सांभाळता येत नव्हती. तीन चादरी टाकल्या. मिलिंद माझे पाय धरून उभे होते.

पोर्टमधून आणि हातातून, दोन्हीकडून रक्त घेऊन तपासायला पाठवलं. पोर्टमध्ये जंतू झाले होते, आणि सलाईन ढकललं तसे ते थेट रक्तात गेले होते. सिस्टरनी विचारलं, मागच्या वेळी सुई कुठे काढली. मी मिलिंदकडे बोट दाखवलं. त्यांनी सांगितलं. सिस्टरनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. ते मला पुरेसं वाटलं नाही.

जंतू आत नक्की कधी शिरले ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला सांगता येतं.

पोर्ट काढावा लागला. ज्याचा मी इतके दिवस राग केला, तो गेला. आणि मग जड अँटिबायोटिक द्यायला पुन्हा हाताच्या शिरा शोधणं सुरू झालं. मनगट, तळहाताची मागची बाजू, शेवटी पायाचा घोटा. दोन्ही हात काळेनिळे पडले. पोर्ट नसणं म्हणजे सुटका नव्हे, हे मला त्या पलंगावर कळलं. हे कळल्याने माझा राग कमी झाला नाही. उलट त्याला नीट पत्ता मिळाला.

मिलिंद रोज डबा घेऊन यायचे. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. एका दुपारी ते म्हणाले, माझी चूक झाली, पण माझ्या मनात वाईट नव्हतं.

मी म्हटलं, "मनाचं मला माहीत नाही. मी नको म्हटलं होतं. तुम्हाला ते ऐकू आलं होतं. एवढंच बोला."

त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, "ऐकू आलं होतं."

आमच्या लग्नाच्या इतक्या वर्षांत मी त्यांच्याकडून ऐकलेलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य हेच. पण माफ केलं, असं मी तेव्हा म्हटलं नाही. अजूनही म्हटलेलं नाही.

दुसरा

रक्त स्वच्छ झाल्यावर डॉक्टरांनी पुढे काय करायचं ते विचारलं. केमो अर्ध्याहून जास्त झाली होती, थोडी राहिली होती. थांबायचं तर थांबता येईल, पण पुरी केलेली बरी. पुरी करायची तर दुसरा पोर्ट, डाव्या बाजूला. मिलिंद तोंड उघडणार होते, ते त्यांनी मिटलं. माझ्याकडे बघितलं आणि थांबले.

मी हो म्हटलं. त्या हुडहुडीला घाबरून सोडून दिलं असतं तर तो कंपाउंडर जिंकला असता, असं मला वाटलं. कारण मूर्खपणाचं आहे. पण आजारपणात स्वतःला पुढे ढकलायला काहीतरी लागतं. कोणी देवाचं नाव घेतं. मी त्या माणसाचं तोंड आठवायचे.

दुसरा पोर्ट बसला, आणि शिकवताना जो पट्टा डाव्या खांद्यावरून जातो तो आता बरोबर त्याच्यावर आला. म्हणजे पहिल्याने माझं गाडी चालवणं अडवलं, दुसऱ्याने शिकवणं. शिवाय औषधाने तळपाय बधिर झाले होते. माझ्या बाजूचा ब्रेक पायाखाली नीट कळत नव्हता. शिकवणी मी स्वतःहून बंद केली. बायका घरी येऊन विचारायच्या, मॅडम, कधी सुरू करणार. मी म्हणायचे, ज्या दिवशी ब्रेक कळेल त्या दिवशी. अजून पुरता कळत नाही.

उरलेल्या केमोंना मिलिंदनी प्रत्येक वेळी रजा टाकली. एकदा ज्योत्स्ना सिस्टर नव्हत्या. नवीन मुलगी होती, घाईत होती. ती हातमोज्यांशिवाय नळीचं टोक उघडायला लागली. मी बोलणार एवढ्यात मिलिंद म्हणाले, "थांबा. आधी हात धुवा." ती म्हणाली, सकाळपासून दहा वेळा धुतलेत काका. ते म्हणाले, अकराव्यांदा धुवा. हा माणूस घरात जेवण अळणी झालं तरी बोलत नाही. ती मुलगी पाय आपटत बेसिनकडे गेली. नंतर तिथल्या लोकांनी माझ्याकडे तक्रार केली की तुमचे मिस्टर फार कटकट करतात. मी म्हटलं, करू द्या.

ज्यांना पोर्ट बसतोय त्यांना सांगते. तुमच्या बरोबर येणारा माणूस गोड नसला तरी चालेल, कटकट्या हवा. पोर्टला ज्याला त्याला हात लावू देऊ नका. थंडी वाजून ताप आला, जागा लाल झाली, दुखायला लागली, तर उद्यावर टाकू नका. आणि नको म्हणालात तर नकोच म्हणा. लोक रागीट म्हणतील. म्हणू द्या.

संपलं ना आता

केमो संपली. नंतरच्या स्कॅनमध्ये काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, पोर्ट काही काळ राहू द्या, लागलाच तर. दर महिन्याला येऊन धुवून घ्या, म्हणजे बंद पडणार नाही. 'लागलाच तर' हे शब्द ऐकून मिलिंद घाईने फाइल आवरायला लागले. मला उलट ते बरे वाटले. एवढ्या सगळ्या गोड बोलण्यात ते दोन शब्द तरी खरे होते.

अक्काने गावी सगळ्यांना जेवायला बोलावलं. भन्तेजी आले, वंदना झाली. मग खिचडी, कढी आणि वांग्याचं भरीत. जेवणं झाल्यावर अक्का सगळ्यांसमोर म्हणाली, आता शोभाचं सगळं झालं, ते मशीनबी काढी टाकतील, बठ्ठं पहिल्यासारखं व्हई जाई. बायकांनी माना डोलावल्या. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

मी म्हटलं, "काढणार नाही. आणि पहिल्यासारखं होणार नाही. मला ते परत होऊ शकतं. मला माहीत आहे, तुम्हीही माहीत करून घ्या."

आनंदाच्या दिवशी हिने असं बोलावं, हे सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. मिलिंद पंगतीत ताटं उचलत होते, ते तिथेच थांबले, पण मला आवरायला आले नाहीत. अक्काने पदराने तोंड पुसलं. मला वाटलं, आता रागाचं आणि तापलेल्या रक्ताचं निघणार.

ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे मंग. पन दर महिनाले मी येसू तुनासंगे."

मी म्हटलं, काही गरज नाही अक्का, एवढ्या लांबून एसटीचे धक्के खात येऊ नका. मी खरंच सांगत होते. मला ती नकोच होती.

पुढच्या महिन्यात मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा ती आधीच तिथल्या बाकावर बसलेली होती. पिशवीत भाकरी, आणि शेजारच्या पेशंटशी कशावरून तरी भांडण चाललेलं.